पुरात तगणारे भात

भात हे पाण्यातच वाढणारे पीक असल्यामुळे पाण्याने त्याचे काही बिघडत नाही, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. तो अर्धाच खरा आहे. भाताची मुळे चिखलात आणि साचलेल्या पाण्यात राहू शकतात, कारण पानांनी घेतलेली हवा खोडातील पोकळ मार्गाने मुळांपर्यंत पोहोचत असते. परंतु पानांचे शेंडेच पाण्याखाली गेले की हा मार्ग बंद होतो. गढूळ पाण्यातून पुरेसे ऊन खाली उतरत नाही, अन्ननिर्मिती मंदावते आणि रोप गुदमरू लागते. बहुतेक प्रचलित वाणांची रोपे अशा स्थितीत आठवडाभर कशीबशी तग धरतात. त्यानंतर पाणी ओसरले, तरी शेतकऱ्याच्या हाती कुजलेली पातीच लागतात.

ओडिशा, बिहार, आसाम, पश्चिम बंगाल, पूर्व उत्तर प्रदेश आणि शेजारचा बांगलादेश या प्रदेशांतील सखल जमिनींवर हे संकट वारंवार येते. त्यातील दुःख केवळ बुडालेल्या पिकाचे नसते. लावणी होऊन दोन-तीन आठवडे झालेले असतात. नांगरट, बियाणे, रोपवाटिका, मजुरी असा सारा खर्च करून झालेला असतो आणि पुष्कळदा तो उसनवारीने उभा केलेला असतो. पुन्हा लावणी करावी, तर रोपे नसतात आणि हंगामही पुढे सरकलेला असतो. म्हणून अशा भागातील शेतकरी चांगल्या वर्षीही हात राखूनच खर्च करतो. खत कमी घालतो, कर्ज टाळतो, खोलगट तुकडा पडीक ठेवतो. पूर न आलेल्या वर्षीही पुराचे भय त्याचे उत्पन्न खात असते.

पाण्याखाली गेलेले रोप नेमके काय करते, हे समजून घेतले म्हणजे या कथेचे मर्म उलगडते. वनस्पतींच्या शरीरात इथिलीन नावाचा एक वायू तयार होतो. एरवी तो हवेत निघून जातो; आंबा अढीत पिकतो तो याच वायूमुळे. रोप बुडाले की हा वायू बाहेर पडू शकत नाही व आतच साठतो. रोपाच्या दृष्टीने ही धोक्याची सूचना असते. ती मिळताच सामान्य भाताचे रोप झपाट्याने उंच वाढू लागते. पाण्याच्या वर डोके काढून पुन्हा हवा मिळवावी, असा तो प्रयत्न असतो. पाणी हळूहळू चढणारे आणि महिनोन्‌महिने राहणारे असेल, तर ही रीत उत्तम ठरते. बांगलादेशातील खोल पाण्यातले काही भात एका दिवसात वीस ते पंचवीस सेंटीमीटरपर्यंत वाढते आणि काही मीटर खोल पाण्यावरही आपली ओंबी तरती ठेवते.

परंतु अचानक येऊन आठ-पंधरा दिवसांत ओसरणाऱ्या पुरात हीच रीत घात करते. वाढण्यासाठी रोप आपल्या खोडातील साठवलेली साखर व पिष्ट खर्चून टाकते. नवे अन्न तयार होत नाही आणि जुने संपत जाते. पाणी ओसरते तेव्हा उंच, लिबलिबीत झालेले रोप आडवे होते. पुन्हा उभे राहण्यासाठी त्याच्याजवळ काहीही शिल्लक नसते. उत्पन्न थांबलेले असताना खर्च वाढवणाऱ्या पेढीची जी गत होते, तीच या रोपाची होते.

या संकटावरचा उपाय ओडिशातील शेतकऱ्यांच्याच शेतात होता. तेथे धलपुटिया नावाचे एक जुने स्थानिक भात पेरले जात असे. ते पुरात बुडाले तरी पाणी ओसरल्यावर पुन्हा फुटते, हे शेतकऱ्यांना ठाऊक होते. गेल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास भात-संशोधकांनी या मिश्र स्थानिक भातातून उत्तम रोपे निवडून एक शुद्ध वाण वेगळा केला व त्याला एफआर-१३ए असे नाव दिले. एफआर ही अक्षरे ‘पूर-प्रतिकारक’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे होत. पूर सोसण्यात त्याची बरोबरी करणारे भात क्वचितच आढळते.

मग तोच वाण सर्वत्र का पेरला गेला नाही? कारण पूर सोसणे हा त्याचा एकमेव ठळक गुण होता. त्याचे रोप उंच, लोळणारे, उत्पन्न बेताचे, दाणा बाजाराच्या पसंतीस न उतरणारा. शेतकऱ्याला पुराच्या वर्षी वाचवणारे, पण चांगल्या वर्षी मागे ठेवणारे असे ते भात होते. साहजिकच अधिक उत्पन्न देणारे बुटके वाण आले, तसतसे असे जुने भात शेतांतून मागे पडत गेले. धलपुटियाचे बियाणे कोणी जपून ठेवले नसते, तर ही कथा येथेच संपली असती.

सुदैवाने ते जपले गेले होते. फिलिपिन्समधील लॉस बान्योस येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने जगभरातील भाताचे नमुने गोळा केले. १९७० च्या दशकात तेथील शास्त्रज्ञांनी हजारो नमुने पाण्याच्या टाक्यांत बुडवून तपासले, तेव्हा एफआर-१३ए हा अग्रभागी ठरला. त्यानंतर त्याचा संकर उत्तम वाणांशी करण्याचे प्रयत्न सुरू झाले. सुरुवातीच्या संततीत पुराची सहनशक्ती आली, तसे नको असलेले दोषही आले. प्रत्येक रोपाची परीक्षा घ्यायची तर ते बुडवूनच पाहावे लागे, आणि सहनशक्तीचा गुण नेमका कोठून येतो हे कोणालाच माहीत नव्हते. या खटपटीत दोन दशके गेली.

१९९६ मध्ये केनाँग शू आणि डेव्हिड मॅकिल या शास्त्रज्ञांनी या गुणाचे स्थान शोधून काढले. भाताच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या बारा जोड्या असतात. त्यांपैकी नवव्या गुणसूत्राच्या एका लहानशा भागात पूर-सहनशीलतेचा मोठा वाटा सामावलेला आहे, असे त्यांनी दाखवले. या भागाला ‘सब-१’ असे नाव मिळाले. पुढे २००६ मध्ये शू, मॅकिल, पामेला रोनाल्ड, ज्युलिया बेली-सेरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या भागातील नेमके जनुक ओळखले. ते ‘सब-१ए’ होय.

या जनुकाचे कार्य मोठे विलक्षण आहे. इथिलीनची तीच धोक्याची सूचना मिळते. परंतु हे जनुक रोपाला वाढू देत नाही. उंची वाढवणाऱ्या संप्रेरकाचा प्रभाव ते रोखून धरते. रोप जागच्या जागी थांबते, साखरेचा साठा जपते, पानांतील हिरवा रंग टिकवून ठेवते. सुमारे दोन आठवडे ते अशा निश्चल अवस्थेत पाण्याखाली राहू शकते. पाणी ओसरले की जपलेल्या साठ्यातून नवी पाने फुटतात व पीक पुन्हा मार्गी लागते. विशेष म्हणजे खोल पाण्यात झपाट्याने वाढणाऱ्या बांगलादेशी भातातील जनुके २००९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ओळखली, तेव्हा ती याच कुळातील निघाली. सूचना एकच आणि कुळही एकच. परंतु दीर्घ पुराच्या प्रदेशात धावणारे भात टिकले आणि अल्प पुराच्या प्रदेशात थांबणारे. त्या त्या ठिकाणच्या शेतकऱ्यांनी शेकडो वर्षे आपापल्या पाण्याला साजेसे बी निवडून ठेवले, त्याचे हे फळ होय.

जनुकाचे स्थान कळताच पुढचे काम सोपे झाले. पूर्व भारतात स्वर्णा नावाचा वाण अतिशय लोकप्रिय आहे. तो आंध्र प्रदेशातील मारुटेरू येथील संशोधन केंद्रात तयार झाला. उत्पन्न चांगले, खताची अपेक्षा माफक आणि बाजारात मागणी भरपूर असल्याने शेतकरी तो सोडावयास तयार नसतो. म्हणून शास्त्रज्ञांनी नवा वाण निर्माण करण्याऐवजी स्वर्णामध्येच हा एक गुण आणण्याचे ठरवले. एफआर-१३ए पासून आलेल्या सहनशील रोपाचा स्वर्णाशी संकर केला, तर संततीत निम्मा वारसा स्वर्णाचा येतो. त्या संततीचा पुन्हा स्वर्णाशी संकर केला की हा वाटा सरासरीने पंचाहत्तर टक्के होतो, पुढच्या वेळी साडेसत्त्याऐंशी टक्के. प्रत्येक पिढीत रोपाच्या पानाचा लहानसा तुकडा तपासून सब-१ कोणत्या रोपात आले आहे आणि नको असलेला भाग कोणात कमी आहे, हे प्रयोगशाळेतच कळू लागले. त्यामुळे हजारो रोपे बुडवून पाहण्याची गरज उरली नाही. दोन-तीन पिढ्यांतच स्वर्णाचे सर्व गुण असलेले आणि पूरही सोसणारे भात हाती आले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हे काम साध्या परागीकरणाने झाले. यात बाहेरून जनुक घुसवलेले नाही.

स्वर्णा-सब-१ हा वाण भारतात २००९ मध्ये प्रसारित झाला. धान्याच्या व्यापारातील माणसाला रस वाटेल असा एक तपशील येथे आहे. मूळ स्वर्णाच्या साळीचे टरफल सोनेरी असते, म्हणून त्याचे नाव स्वर्णा. सब-१ च्या शेजारीच टरफलाचा रंग ठरवणारा एक घटक असल्याने नव्या वाणाची साळ फिकट, गवती रंगाची झाली. भरडल्यानंतर तांदूळ मात्र स्वर्णासारखाच निघतो. साळीचा ढीग पाहून दोहोंतील फरक ओळखता येतो, हे बियाणे विकणाऱ्याच्याही उपयोगाचे ठरले.

या वाणाची खरी परीक्षा शेतकऱ्यांच्या शेतात झाली. ओडिशाच्या भद्रक जिल्ह्यातील १२८ गावांत अर्थशास्त्रज्ञ व कृषितज्ज्ञ यांनी एक पद्धतशीर पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. शेत दहा दिवस पाण्याखाली राहिले, तर स्वर्णाच्या तुलनेत स्वर्णा-सब-१ चे उत्पन्न सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आले. पूर आलाच नाही, तर उत्पन्नात काही घट दिसली नाही. आणखीही एक गोष्ट आढळली. पाणी साचणाऱ्या सखल जमिनी मोठ्या प्रमाणात अनुसूचित जातींतील कुटुंबांकडे आहेत. गावातील चांगल्या, उंचावरील जमिनी त्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आल्या नाहीत. त्यामुळे पुरात तगणाऱ्या भाताचा लाभ सर्वाधिक गरज असणाऱ्यांना अधिक मिळतो.

त्याच भागातील पुढील अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो व्यापारी कुटुंबांना अधिक जवळचा वाटेल. पुराची धास्ती कमी झाल्यावर शेतकऱ्यांचे वर्तनच बदलले. त्यांनी अधिक क्षेत्र लागवडीखाली आणले, खत अधिक घातले, अधिक मेहनतीची लावणीची पद्धत स्वीकारली आणि कर्जाचाही अधिक उपयोग केला. म्हणजे वाणाचा फायदा केवळ पुराच्या वर्षापुरता राहिला नाही. बुडीत जाण्याची भीती हटली की माणूस आपल्या धंद्यात भांडवल घालू लागतो, हे पेढीवर बसणाऱ्या प्रत्येकाच्या अनुभवाचे सत्य भद्रकच्या खाचरांतही दिसून आले.

या यशालाही मर्यादा आहेत. सब-१ दोन आठवड्यांपर्यंतच्या पुरात साथ देते. महिनाभर गुडघाभर साचून राहणाऱ्या पाण्यावर तो उपाय नाही. समुद्राचे खारे पाणी शिरले, तर वेगळा गुण लागतो. तो गुणही जुन्या भातांतच सापडतो. गोव्याच्या खाजण जमिनींतील कोरगुट हे भात खारटपणा सोसते, म्हणून तेथील शेतकऱ्यांनी ते आजवर जपले आहे. दुष्काळ, नवी कीड, वाढती उष्णता यांतील प्रत्येक संकटासाठी कोठल्या तरी कोपऱ्यातील कोणते तरी बी कामी येणार असते. ते कोणते, हे आधी सांगता येत नाही.

याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९७० च्या दशकात तपकिरी तुडतुड्यांनी पसरवलेल्या एका विषाणुरोगाने दक्षिण व आग्नेय आशियातील भात खुरटू लागले. आंतरराष्ट्रीय संस्थेने भाताचे सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. टिकाऊ प्रतिकार आढळला तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या एका रानटी भातात, आणि तोही त्या नमुन्यातील मोजक्याच रोपांत. ते गवतासारखे भात. त्याचे दाणे पिकताच गळून पडतात आणि बाजारात त्याला कवडीची किंमत मिळाली नसती. गुरुदेव खुश व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा गुण नव्या वाणांत आणला. १९७६ मध्ये आलेला आयआर-३६ हा त्यांपैकीच एक. तो पुढे जगातील सर्वाधिक पेरल्या गेलेल्या भातांत गणला गेला.

महाराष्ट्राच्या रोजच्या जेवणातही अशीच दूरदूरची नाती दडलेली आहेत. पुणे जिल्ह्यातील वडगाव मावळच्या केंद्रात तयार झालेला इंद्रायणी हा आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून जन्मला. सुवास आंबेमोहराचा. आयआर-८ चे बुटकेपण तैवानच्या डी-जिओ-वू-जेन या भाताकडून आले. त्याचा दुसरा जनक पेटा हा इंडोनेशियातील. दुकानातील एका पोत्यात मावळ, तैवान आणि इंडोनेशिया एकत्र आले आहेत. यांतील एक जरी मूळ वाण आधीच नाहीसा झाला असता, तर ते पोते आज दुकानात नसते.

मूळ वाण जपण्याचे काम दोन ठिकाणी चालते. पहिले बीजपेढीत. लॉस बान्योस येथे भाताचे १,३०,००० हून अधिक नमुने आहेत. ते वाळवून उणे वीस अंश तापमानात ठेवले जातात. ठरावीक काळाने बी उगवते की नाही हे तपासून, गरज पडल्यास पेरून ताजे बी घेतले जाते. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहावरील, २००८ मध्ये उघडलेल्या हिमकोठारात त्यांचे दुय्यम नमुनेही आहेत. भारतात दिल्लीचे राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन केंद्र आणि कटकची केंद्रीय भात संशोधन संस्था हे काम करतात. कटकची संस्था १९४६ मध्ये उभी राहिली, ती बंगालमधील भातावरील रोगाच्या व त्यापाठोपाठ आलेल्या १९४३ च्या भीषण दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर. डॉ. आर. एच. रिछारिया हे या संस्थेचे संचालक होते. पुढे रायपूर येथे त्यांनी छत्तीसगड व मध्य प्रदेशातील गावोगावचे १९,००० हून अधिक भाताचे नमुने जमवले. पद गेले, संस्था बंद झाली; संग्रह मात्र उरला व तो आज रायपूरच्या कृषी विद्यापीठात आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे शेत. शीतगृहातील बी सुरक्षित असते. पण ते बदलत नाही. शेतातील बी दरवर्षी नव्या पावसाला, नव्या किडीला तोंड देते आणि त्यातून क्वचित नवे काही निपजते. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये आपल्या लहानशा शेतात पटेल-३ या भातात काही वेगळ्या ओंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड करीत बारीक दाण्याचे एक भात सिद्ध केले. त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून त्याला एचएमटी हे नाव पडले. ते आज देशभरच्या बाजारांत चालते. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. एवढ्या मोठ्या व्यापाराला जन्म देणाऱ्या या माणसाचे अखेरचे दिवस मात्र हलाखीतच गेले.

या ठिकाणी व्यापाऱ्याचा संबंध येतो. शेतकरी काय पेरतो, हे बाजार काय घेतो यावर ठरते. बारीक, पांढरा, एकसारखा दाणा हवा, अशी मागणी सर्वत्र झाली की इतर भाते शेतातून हळूहळू जातात. त्यांना कोणी मुद्दाम हाकलत नाही; फक्त त्यांचा भाव कोणी विचारीत नाही. याउलट एखाद्या पेढीने आजऱ्याचा घनसाळ, मुळशीचा आंबेमोहर किंवा वाड्याचा कोलम त्याच्या खऱ्या नावाने, भेसळ न करता, वाजवी भावाने विकला, तर तो पेरणारे शेतकरी टिकतात. या तिन्ही भातांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. परंतु मानांकनाला अर्थ येतो तो काउंटरवर. दुसराच सुवासिक तांदूळ आंबेमोहर म्हणून विकला गेला, तर ग्राहक तर फसतोच. शिवाय मुळशीच्या शेतकऱ्याचे आंबेमोहर पेरण्याचे कारणही नाहीसे होते.

जुन्या पेढ्यांत एक रीत असे. सारे भांडवल एका मालात गुंतवावयाचे नाही आणि मूळ पुंजीला सहसा हात लावावयाचा नाही. भाताच्या बाबतीत मूळ पुंजी म्हणजे हे हजारो वाण होत. धलपुटिया पेरणाऱ्या शेतकऱ्यांना नवव्या गुणसूत्राची काही माहिती नव्हती. पूर ओसरल्यावर पुन्हा फुटणारे बी त्यांनी पुढच्या वर्षासाठी बाजूला काढून ठेवले, एवढेच. त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. पण पाऊस अधिक झाला आणि नद्या शेतात शिरल्या की भद्रकच्या सखल खाचरांत पाण्याखाली जे रोप निमूट थांबून राहते, ते त्यांच्याच निवडीवर थांबलेले असते.